लंडनचे की हार्टफर्डचे? १८५१ चे कोल्ट नेव्ही निवडताना ठसे काय सांगतात

संग्रहासाठी १८५१ च्या नमुन्याचे कोल्ट नेव्ही रिव्हॉल्वर घ्यायचे असे एकदा ठरले की लगेच पुढचा प्रश्न उभा राहतो. अमेरिकेतल्या हार्टफर्ड येथील कारखान्यात घडलेले घ्यावे, की लंडनच्या पिम्लिको भागात टेम्सच्या काठी कोल्टने काढलेल्या कारखान्यातले? लांबून पाहिले तर दोन्ही एकसारखीच दिसतात. दोन्हींची नळी साडेसात इंचांची व अष्टकोनी, तिचा आतील व्यास .३६ इंच, सिलिंडर सहा बारांचे, वरून पट्टी नसलेली उघडी चौकट आणि नळीला चौकटीशी जखडून ठेवणारी एक छोटी पोलादी पाचर. फरक आहे तो ठशांत, अनुक्रमांकांत आणि मुठीच्या धातूत. खरेदीदाराने वेळ घालवावा तो तिथेच.

लंडनचा कारखाना फार थोडा काळ चालला. १८५१ च्या हाइड पार्क येथील महाप्रदर्शनात सॅम्युअल कोल्टने आपली रिव्हॉल्वर मांडली, १८५३ मध्ये लंडनला उत्पादन सुरू झाले आणि १८५६ मध्ये ते बंद पडले. एवढ्या काळात तेथे सुमारे ४२,००० नेव्ही तयार झाली. हार्टफर्डचे उत्पादन मात्र १८५० ते १८७३ असे दीर्घकाळ चालले आणि त्याची संख्या सुमारे २,१५,००० पर्यंत गेली. लंडनने आपले क्रमांक १ पासून स्वतंत्रपणे मोजले, ही येथे सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. म्हणजे २०,००० च्या आसपासचा एखादा क्रमांक दोन्ही कारखान्यांच्या रिव्हॉल्वरवर सापडू शकतो, आणि नुसत्या क्रमांकावरून उत्पादनाचे वर्ष सांगणारा विक्रेता कोणत्या मालिकेविषयी बोलतो आहे, हे आधी विचारून घ्यावे लागते.

नळीच्या वरच्या सपाट पैलूवर पत्ता कोरलेला असतो. हार्टफर्डच्या नेव्हीवर सुरुवातीच्या सुमारे ७४,००० नगांपर्यंत सॅम्युअल कोल्ट व न्यूयॉर्क शहर असा पत्ता येतो. त्यानंतर सुमारे १,०१,००० पर्यंत हार्टफर्ड, कनेक्टिकट असा, आणि पुढे शेवटपर्यंत न्यूयॉर्क, यू. एस. अमेरिका असा पत्ता आढळतो. हार्टफर्ड नेव्ही तपासणाऱ्याच्या हाती हे एक चांगले साधन आहे, कारण क्रमांक ९०,००० चा आणि पत्ता मात्र यू. एस. अमेरिकेचा असेल, तर नळी दुसऱ्या रिव्हॉल्वरची असण्याची शंका रास्त ठरते. लंडनच्या नगांवर ‘ॲड्रेस कर्नल कोल्ट लंडन’ असा मजकूर असतो. परंतु केवळ तेवढ्यावरून ते लंडनमध्ये घडले असे मानू नये. कोल्टच्या लंडन येथील विक्रीकेंद्रासाठी हार्टफर्डहून आलेल्या काही नगांवरही हाच पत्ता आहे, आणि येथेच अनेक नवशिके फसतात.

म्हणून पत्त्यानंतर मुठीच्या पट्टीकडे व चापाच्या कडीकडे वळावे. हार्टफर्डच्या नागरी विक्रीच्या नेव्हीवर हे दोन्ही भाग पितळेचे असून त्यांवर चांदीचा मुलामा असे. आज तो बहुधा कोपऱ्याकोपऱ्यांतच उरलेला दिसतो. लंडनच्या पहिल्या सुमारे २,००० नगांनंतर हे भाग लोखंडाचे झाले आणि चापाची कडी मोठी व गोल झाली. हार्टफर्डला ही मोठी गोल कडी सुमारे ८५,००० क्रमांकानंतर आली, त्याआधी ती लहान व गोल होती आणि अगदी पहिल्या सुमारे ४,२०० नगांवर तिची मागची बाजू चौकोनी होती. येथे एक खाचखळगा आहे. अमेरिकी सरकारला पुरवलेल्या हार्टफर्डच्या काही नेव्हींवरही लोखंडी पट्टी आढळते, त्यामुळे लोखंड दिसले की लंडन असा सरळ निष्कर्ष काढता येत नाही. अशा सरकारी नगावर चौकटीच्या डाव्या बाजूस कोल्टच्या पेटंटच्या ठशाखाली ‘यू. एस.’ ही अक्षरे असावीत आणि मुठीच्या लाकडावर तपासनिसाचा शिक्का असावा. लाकडावरचा शिक्का अगदी करकरीत आणि शेजारचे लाकूड मात्र हाताळून गुळगुळीत झालेले, अशी जोडी दिसली तर तो शिक्का नंतर मारला गेला असे खुशाल समजावे.

लंडनच्या बाजूने बोलणारा आणखी एक पुरावा म्हणजे लंडनच्या गनमेकर्स कंपनीचे परीक्षण ठसे, म्हणजे शस्त्र चाचणीत टिकल्याच्या खुणा. मुकुटाखाली ‘व्ही’ हे अक्षर, आणि मुकुटाखाली एकमेकांत गुंफलेली ‘जी’ व ‘पी’ ही अक्षरे नळीच्या डाव्या बाजूस आणि सिलिंडरच्या कप्प्यांवर बारीक ठोकलेली असतात. विक्रीसाठी लंडनला आलेल्या हार्टफर्डच्या कित्येक नगांवरही हे ठसे आहेत, म्हणून त्यांतून परीक्षणाची जागा कळते, घडणीची नव्हे. क्रायमियाच्या युद्धाच्या काळात ब्रिटिश सरकारने लंडनची नेव्ही हजारोंनी घेतली. त्यांवर रुंद बाणाचे सरकारी चिन्ह असते, आणि अस्सल असेल तर ते किमतीत चांगलीच भर घालते. एखादे चिन्ह किमतीत भर घालते, याचाच अर्थ ते खोटे ठोकण्याचा मोहही होतो. जुना ठसा मूळ निळी झळाळी चढवण्यापूर्वी बसलेला असेल, तर त्याच्या खोलगट भागात ती झळाळी किंवा तिच्या जागी आलेला तपकिरी थर दिसतो. नंतर ठोकलेल्या ठशाच्या कडा पृष्ठभागाहून किंचित उचललेल्या राहतात आणि आत उजळ धातू डोकावतो.

आता प्रत्यक्ष तपासणीकडे येऊ. नळीची पाचर हलकेच बाहेर सरकवली, की रिव्हॉल्वर तीन भागांत सुटते. नळीच्या खालच्या भागावर, चौकटीच्या तळाशी, चापाच्या कडीवर, मुठीच्या पट्टीच्या टोकाशी, सिलिंडरवर, पाचरीवर आणि बार दाबण्याच्या दांड्यावर एकच क्रमांक किंवा त्याचे शेवटचे आकडे असले पाहिजेत. मूठ काढल्यास अक्रोडाच्या लाकडाच्या आत, पट्टीकडील खोबणीत, शाईने लिहिलेला क्रमांक अनेकदा मिळतो. एकदा ‘सर्व क्रमांक जुळणारे’ म्हणून दाखवलेले एक लंडन नेव्ही मी अशा रीतीने उघडले. नळी, चौकट आणि कडी यांचे पाचही आकडे जुळत होते. सिलिंडरवरचे शेवटचे दोन आकडे मात्र वेगळे निघाले. विक्रेत्याने बनवाबनवी केली असेल असे मला वाटत नाही. एका तुकडीतली शस्त्रे एकत्र साफ करताना सिलिंडर अदलाबदल होणे सहज शक्य होते, आणि तसे झालेले नग बाजारात बरेच आहेत. परंतु ‘सर्व’ हा शब्द गेला की किंमतही खाली यायला हवी, आणि ती आली नाही म्हणून मी ते परत ठेवले. केवळ पाचर बदललेली असेल तर मी फार मनावर घेत नाही, कारण तो सहज हरवणारा भाग आहे. नळी किंवा सिलिंडर मात्र परके चालत नाही.

सिलिंडरवरचे चित्र भिंगाखाली जरूर पाहावे. टेक्सास आणि मेक्सिको यांच्या आरमारांमध्ये १६ मे १८४३ रोजी कांपेचे येथे झालेल्या लढाईचे ते दृश्य आहे, न्यूयॉर्कच्या डब्ल्यू. एल. ऑर्म्सबी या कोरक्याने ते ठशाच्या रुळावर कोरले आणि रूळ फिरवून ते प्रत्येक सिलिंडरवर उमटवले जाई. ते फार उथळ असल्याने वापरात आधी तेच पुसले जाते. म्हणून सिलिंडरवरची जहाजे जवळजवळ नाहीशी झालेली, पण नळी मात्र आरशासारखी निळी, असे दिसले तर नळीवर नंतर झळाळी चढवली आहे. उलट जहाजांच्या शिडांच्या दोऱ्यासुद्धा दिसत असतील आणि नळी काळवंडून तपकिरी झालेली असेल, तर त्या रिव्हॉल्वरला कोणी छेडलेले नसावे. ते तसेच ठेवणे मी पसंत करतो.

पुन्हा घासून चकचकीत केलेल्या नगाची आणखी एक खूण लाकूड आणि धातू यांच्या सांध्यावर मिळते. कारखान्यात मूठ आणि पट्टी एकत्र घासून समपातळीत आणली जात असे. पुढे कोणी केवळ धातू घासला, तर लाकूड त्याच्यापेक्षा किंचित वर राहते, आणि बोट फिरवले की ती कड जाणवते. अष्टकोनी नळीच्या धारा बोथट होणे, स्क्रूभोवतीचा धातू बशीसारखा खोलगट होणे आणि पत्त्याची अक्षरे अर्धवट पातळ होणे, या तीन गोष्टी एकत्र दिसल्या की मूळ झळाळीचा दावा तिथेच संपतो. ‘केस हार्डनिंग’ केलेल्या, म्हणजे उष्णतेने पृष्ठभाग कठीण केलेल्या, चौकटीवरचे निळे-तपकिरी ढग मुळात गडद असले, तरी कालांतराने ते राखाडी होतात. ते ताजे दिसत असतील तर शंका घ्यावी.

नकलांचा विषय थोडक्यात. बेल्जियममधील लिएज येथे त्याच काळात या नमुन्याची रिव्हॉल्वर बनली, त्यांवर बऱ्याचदा ‘कोल्ट ब्रेव्हते’ (कोल्टचे पेटंट) असे कोरलेले असते आणि लंबगोलात ‘ईएलजी’ ही लिएजच्या परीक्षणाची अक्षरे असतात. त्या लंबगोलावर मुकुट असेल तर ठसा १८९३ नंतरचा आहे, कारण मुकुट तेव्हा जोडला गेला. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून इटलीत बनलेल्या प्रतिकृतींवर इटालियन परीक्षण ठसे आणि छोट्या चौकोनात कोंबलेला वर्षाचा संकेत असतो. ठसे घासून काढलेली आणि मुद्दाम गंजवलेली प्रतिकृती सर्वांत धोक्याची, आणि घासलेली जागा बहुधा नळीवर दांड्याच्या आसपास सापडते.

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी वाचकासाठी स्फोटक टोपीने (पर्कशन कॅपने) बार उडवणारी जुनी रिव्हॉल्वर कायद्याच्या दृष्टीने सोयीची आहेत. शोभेची किंवा कुतूहलाची वस्तू म्हणून ती बाळगता येतात, मात्र चालवण्याचा हेतू आला की परवाना लागतो. अमेरिकेत १८९८ पर्यंतच्या बनावटीला पुरातन मानले जाते. भारतात मात्र शस्त्र कायदा १९५९ आणि पुरावस्तूंविषयीचा १९७२ चा कायदा हे दोन्ही विचारात घ्यावे लागतात. शंभर वर्षांहून जुनी वस्तू परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. घरात आजोबांच्या पेटीत असे काही सापडले तर आधी पोलिसांकडे आणि जाणकार वकिलाकडे विचारणा करावी, त्यानंतरच ठशांचा अभ्यास करावा.

पहिल्या खरेदीसाठी मी लंडनची बाजू घेतो. उत्पादनाची वर्षे मोजकी, मालिका लहान, परीक्षण ठसे जास्त आणि लोखंडी पट्टी बहुतेक नगांवर ठरलेली, त्यामुळे एका नगावरचे पुरावे एकमेकांशी पडताळून पाहणे सोपे जाते. नंतरच्या काळातील हार्टफर्ड नेव्ही संख्येने जास्त आहेत आणि त्यांत निवडीला वाव आहे. ज्याला पत्त्यांचे तीनही प्रकार गोळा करायचे आहेत किंवा अमेरिकेच्या यादवीशी नाते असलेला नग हवा आहे, त्याने तिकडेच जावे. दोन्हींत झळाळी गेलेला, पण क्रमांक जुळणारा आणि कोणी न घासलेला नग मी चकचकीत नगापेक्षा जास्त किंमत देऊन घेईन. विक्रेत्याकडून पाचर काढून घेतलेली छायाचित्रे मागवावीत, आणि मुठीच्या आतल्या शाईच्या आकड्याचे छायाचित्र त्यांत नसेल तर तेवढे एक आणखी मागून घ्यावे.