पापण्या आड आल्या हो! डोळ्याच्या पडद्याचा वाइड फोटो, एका फोटोवाल्याच्या नजरेतून

इचलकरंजीत माझा स्टुडिओ आहे. लग्नाच्या ऑर्डरी करून तीस वर्षं झाली. डाव्या डोळ्याचा नंबर उणे साडेनऊ, उजव्याचा उणे आठ, आणि खोड अशी की व्ह्यूफाइंडरला लावतो तो डावाच. गेल्या लग्नसराईत, ऐन अक्षता पडताना, त्या डोळ्यापुढे कोळिष्टकासारखं काहीतरी तरंगायला लागलं. आधी वाटलं सेन्सरवर धूळ बसली. लेन्स बदलली, तरी आहेच. कॅमेरा खाली केला, तरी आहेच. तेव्हा पोटात गोळा आला.

कारण घरात एकदा होऊन गेलंय. थोरल्या भावाला असंच दिसत होतं, कडेला वीज चमकल्यासारखंही व्हायचं. "होईल बरं" म्हणत त्यानं आठ दिवस काढले आणि डोळ्याच्या आतला पडदा (रेटिना) सरकला. ऑपरेशन झालं, पण त्या डोळ्याला आता समोरच्याची बोटं मोजण्याइतकंच दिसतं. मोठ्या उण्या नंबरवाल्यांचं बुबुळामागचं गोळं लांबट असतं, त्यामुळे आतला पडदा ताणून पातळ होतो आणि कडेला विरतो, जुन्या धोतरासारखा. म्हणून लग्न दुसऱ्या पोराच्या गळ्यात टाकून त्याच संध्याकाळी कोल्हापूर गाठलं. दवाखान्याचं नाव लिहीत नाही, पुढं तक्रार आहे.

काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "काका, साधी तपासणी की वाइड फोटो पण? फोटोला बाहुली मोठी करायचे थेंब घालावे लागत नाहीत, दोन मिनिटांत होतं." दोन्ही डोळ्यांचे अठराशे, डॉक्टरांची फी वेगळी. म्हटलं काढा. आपल्या धंद्यातलीच गोष्ट, बघूया तरी.

यंत्र ऑप्टॉस कंपनीचं होतं. कपाळ आणि गाल गादीला टेकवायचे, एका डोळ्यानं भोकात बघायचं, आणि क्षणभर हिरवा लखलखाट. संपलं. समोरच्या स्क्रीनवर माझ्या डोळ्याचा मागचा भाग उमटला तेव्हा खरं सांगतो, खुर्चीतून उठावंसं वाटेना. मधला पिवळट देठ, म्हणजे डोळ्याची नस जिथं जोडलेली असते तो ठिपका, त्यातून फुटलेल्या रक्तवाहिन्या पार कडेपर्यंत. पूर्वी मिरजेला काढलेला साधा फोटो माझ्याकडे आहे, त्यात देठ आणि आजूबाजूचं अंगण तेवढं दिसतं. इथं सगळा गाव दिसत होता.

नंतर याच्यामागची गोष्ट वाचली. डग्लस अँडरसन नावाचे स्कॉटलंडमधले एक यंत्ररचनाकार. त्यांचा पाच वर्षांचा मुलगा पडदा सरकल्यामुळे एका डोळ्यानं आंधळा झाला. तपासण्या होत होत्या, पण लहान पोराला त्या सोसवेनात आणि वेळेत कुणाच्या लक्षात आलं नाही. पोरालाही सोसेल आणि कडाही दिसतील असं काहीतरी हवं म्हणून त्यांनी १९९२ मध्ये ही कंपनी काढली. २०१५ मध्ये ती निकॉननं विकत घेतली. म्हणजे गळ्यात निकॉन अडकवून हिंडणाऱ्या माणसाचा पडदाही निकॉनच्याच घरातल्या यंत्रानं टिपला. याचं मला उगाच बरं वाटलं.

करामत लेन्सची नाही, आरशाची आहे. लंबवर्तुळाकार आरशाला दोन नाभी असतात. एकीतून निघालेला किरण आरशावर आपटून दुसरीतून जातोच जातो. लेझरचा किरण एका नाभीतून फिरवतात आणि दुसरी नाभी तुमच्या बाहुलीत आणून बसवतात. मग जणू डोळ्याच्या आतच कुणी बॅटरी घेऊन चौफेर फिरवतंय. दोन-अडीच मिलिमीटरची बाहुलीही पुरते. आमच्याकडे एवढ्या भोकातून हॉल दाखवायला सांगितलं तर आम्ही हात जोडू.

आता कंपनी म्हणते, एका फोटोत २०० अंश, पडद्याचा ८२ टक्के भाग. इथं फोटोवाल्याचं डोकं चाललं. साधे पडद्याचे कॅमेरे ४५ अंश सांगतात, तो कोन बाहुलीपासून मोजलेला असतो. हे २०० अंश मोजलेत गोळ्याच्या मध्यापासून. आमच्यात क्रॉप सेन्सर (छोटा) आणि फुल फ्रेम (मोठा) यांचा जो घोळ घालतात, तोच हा. खोटं कुणीच बोलत नाही, पण दोन आकडे शेजारी मांडून "साडेचार पट" म्हणाल तर फसाल. तरीही फरक प्रचंड आहे, ते नाकारत नाही.

रंग मात्र बघून मी दचकलो. आतला पडदा म्हणजे नारिंगी-तांबूस, अशी माझी समजूत. हा हिरवट. विचारल्यावर कळलं की या यंत्रात लाल आणि हिरवा असे दोनच लेझर, निळा नाहीच. हिरवा वरचे थर वाचतो, लाल आणखी खोल जातो, आणि दोन्ही मिळून रंग भरतात. म्हणजे व्हाइट बॅलन्स, रंग खऱ्यासारखे जुळवणं, हा विषयच नाही. खऱ्या रंगाच्या जवळ जाणारी यंत्रं झाइसची वगैरे मिळतात, पण या दवाखान्यात तरी नाहीत. शिवाय गोल वस्तू सपाट कागदावर मांडली की कडा ताणल्या जातात, शाळेच्या नकाशातलं ग्रीनलंड आठवा. कडेचा डाग दिसतो तेवढा मोठा नसतो, म्हणून घाबरून जाऊ नका.

आता तक्रार. माझ्या डाव्या फोटोच्या तळाला काळ्या रेघांची झालर होती. पापण्या! लग्नात नवरीच्या चेहऱ्यावर मुंडावळ्या आल्या तर मी दुसरा फोटो काढतो. इथल्या मुलानं सरळ "ओके" म्हणून पुढच्याला हाक मारली. मी म्हटलं, "अरे बाळा, खालचा भाग झाकलाय." तर म्हणे, "चालतंय काका, सगळ्यांचं तसंच येतंय."

सुदैवानं आतल्या डॉक्टर बाई जुन्या वळणाच्या निघाल्या. फोटोत कानाकडच्या बाजूला जाळी दिसत होती, विरलेल्या कापडासारखा लांबट पट्टा. तो त्यांनी मला बोटानं दाखवला. मग म्हणाल्या, "थेंब घालू या. उणे साडेनऊ आणि घरात पडदा सरकलेला, मी फोटोवर विसंबणार नाही." पाऊण तास डोळे मिटून बाकावर बसलो. बाई डोक्याला दिवा लावून, हातात भिंग धरून, पापणीवरून एका बोथट काडीनं डोळा हलकेच दाबत एकेक बाजू बघत गेल्या. दुखत नाही, पण नकोसं वाटतं. पडदा घड्याळासारखा धरला तर साडेपाचच्या काट्यापाशी, बरोबर त्या पापण्यांच्या झालरीमागं, एक बारीक गोल भोक सापडलं. त्यांनी केसपेपरवर लाल-निळ्या पेन्सिलीनं काढून दाखवलं. आणि तरंगणारं कोळिष्टक? ते डोळ्यात भरलेल्या पारदर्शक बलकातलं, वयानं आलेलं. "त्याच्यामुळं तुम्ही आलात, एवढाच त्याचा उपयोग," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी भोकाभोवती लेझरचं कुंपण घातलं. बधिर करायचे थेंब, डोळ्यावर जाड भिंग, आणि हिरवे ठोके. पंधरा मिनिटांचं काम. लेझरबद्दल तक्रार नाही.

तीन महिन्यांनी पुन्हा फोटो. या वेळी यंत्रावर दुसरी मुलगी होती. काही न सांगता तिनं कापसाच्या काडीनं पापणी वर धरली, "काका, खाली बघा" म्हणाली, मग वर, डावीकडे, उजवीकडे. एका डोळ्याचे पाच फोटो. खालच्या फोटोत कुंपण स्वच्छ दिसलं, भोकाभोवती करड्या ठिपक्यांची दुहेरी माळ. पैसे तेवढेच, यंत्र तेच. पहिल्या दिवशी हे का नाही झालं, याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.

फोटो घ्यावा का? घ्यावा. पुढच्या वर्षी जाळी वाढली का, हे पेन्सिलीच्या चित्रावरून सांगता येत नाही, फोटोवरून येतं. मधुमेहवाल्यांनाही कडेची रक्तगळती यात सापडते, आमच्या शेजारच्या गुरुजींची अशीच सापडली. पण "थेंब लागत नाहीत" हे काउंटरवरचं वाक्य ऐकून थेंबांची तपासणी टाळणार असाल, तर अठराशे रुपये घरीच ठेवा. आणि फोटो काढताना पापण्या आड आल्या तर भीड न ठेवता पुन्हा काढायला लावा. समोरच्या स्क्रीनवर तुम्हालाही दिसतातच.

कागदावरची प्रिंट भिकार होती, साध्या झेरॉक्सच्या कागदावर, अर्धी शाई संपलेली. मूळ फाइल मागितली तर आधी "देत नाही" म्हणाले, मग पेनड्राइव्ह पुढं केल्यावर दिली. तेव्हा तो खिशात असू द्या. पाचात साडेतीन. अर्धा गुण त्या दुसऱ्या मुलीचा.

आणि थेंब घातल्यावर चार-पाच तास उजेड सोसत नाही, जवळचं दिसत नाही. मी स्कूटर घेऊन गेलो होतो. ती रात्रभर दवाखान्याच्या दारात राहिली आणि मी एसटीनं घरी आलो.