फाल्कन की मार्लो? एकाच कादंबरीचे दोन सिनेमे, आधी कुठला बघायचा?

जुने कृष्णधवल डिटेक्टिव्ह सिनेमे बघायला लागलं की कधी ना कधी ही जोडी समोर येतेच: ‘द फाल्कन टेक्स ओव्हर’ (१९४२) आणि ‘मर्डर, माय स्वीट’ (१९४४). दोन्ही हॉलिवूडच्या आरकेओ स्टुडिओचे आणि दोन्ही रेमंड चँडलरच्या ‘फेअरवेल, माय लव्हली’ या १९४०च्या कादंबरीवरचे. तुरुंगातून आलेला अवाढव्य मूस मॅलॉय आपल्या जुन्या प्रेयसीला, वेल्माला शोधतोय, मधेच जेडचा हार, खंडणी, खून. एक पाहिला की दुसऱ्यातलं रहस्य आपल्याला आधीच ठाऊक होतं. म्हणून क्रमाचा विचार करायला हवा.

स्टुडिओने कादंबरीचे हक्क अवघ्या २,००० डॉलरना घेतले होते. हाताशी चालू असलेल्या फाल्कन मालिकेला गोष्ट हवी होती, ती यातून मिळाली. ही मालिका म्हणजे एका तिकिटात दोन सिनेमे दाखवायचे, त्या दुहेरी खेळातला दुसरा, स्वस्तातला सिनेमा. नायक ठरलेला, त्याचा साथीदार गोल्डी ठरलेला, वैतागलेला पोलीस इन्स्पेक्टरही ठरलेला. लांबी तासाभराहून जेमतेम जास्त. त्या साच्यात चँडलरची गोष्ट बसवायची तर लॉस एंजेलिस सोडून न्यूयॉर्कला यावं लागलं, आणि कादंबरीचा नायक, खाजगी डिटेक्टिव्ह फिलिप मार्लो तर गेलाच. त्याच्या जागी आला जॉर्ज सँडर्सचा फाल्कन: खाऊन-पिऊन सुखी, बायकांवर भाळणारा, हौसेखातर गुन्हे उकलणारा.

माझ्या मते सगळा फरक इथेच पडतो. मार्लो पोटासाठी काम करतो. मार खाल्ला तरी केस सोडणं त्याला परवडत नाही, आणि पुढे पुढे त्याला ती सोडायचीच नसते. फाल्कनला वाटेल तेव्हा घरी जाता येतं. त्यामुळे तेच प्रसंग फाल्कनच्या सिनेमात हलकेफुलके होतात, काळजाला लागत नाहीत.

तरी त्याला टाकाऊ म्हणू नका. त्यातला मूस मॅलॉय वॉर्ड बॉन्डने केलाय आणि तो खरोखर भीतीदायक आहे. भोवती सगळी थट्टामस्करी चाललेली असते, आणि हा माणूस आत आला की हसू थांबतं. सँडर्सचा आवाज तर नुसता ऐकत बसावा असा. त्याचं इंग्रजी स्वच्छ आणि संथ असल्यामुळे सबटायटल्स नसली तरी आपल्याला अडत नाही.

‘मर्डर, माय स्वीट’ला मात्र सबटायटल्स लावाच. मार्लो झालेला डिक पॉवेल भराभर बोलतो आणि ती भाषा त्या काळच्या अमेरिकन रस्त्यावरची आहे. दिग्दर्शक एडवर्ड डिमिट्रिक. हा ९५ मिनिटांचा सिनेमा डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या मार्लोपासून सुरू होतो. पोलीस त्याची चौकशी करतायत आणि तो घडलेलं सांगतोय. मग रात्रीचं ऑफिस. बाहेरचा निऑन उघड-मीट करतोय आणि खिडकीच्या काचेत मूसचं भलं थोरलं प्रतिबिंब दिसतं. हा मूस म्हणजे माइक मझुर्की, मूळचा व्यावसायिक कुस्तीगीर. वॉर्ड बॉन्डची भीती वाटते, मझुर्कीची भीती वाटता वाटता कीव येते. आठ वर्षं एकाच बाईची आठवण उराशी धरून बसलेलं हे एवढं मोठं पोर आहे.

पॉवेल तोवर गाणी म्हणणारा गोडगोड नायक म्हणून माहीत होता. सिनेमा आधी कादंबरीच्याच नावाने दाखवला, तर लोकांना तो संगीतपट वाटला आणि नाव बदलावं लागलं. पण त्याची निवड किती अचूक होती ते बघा: श्रीमंतांच्या बंगल्यात शिरल्यावर दिवाणखान्याकडे जाताना काळ्यापांढऱ्या चौकटींच्या फरशीवर हा एकटाच लंगडी घालतो. सेकंदभराचं काम, पण त्या श्रीमंतीने हा माणूस दबणार नाही हे शब्दाविना कळतं.

म्हणून माझं सांगणं स्पष्ट आहे: आधी १९४४चा बघा. मी उलट केलं. फाल्कन आधी पाहिला, आणि वेल्मा कोण हे मार्लोला कळतं तेव्हा बसायला हवा होता तो धक्का मला बसलाच नाही. ते अजून सलतं. फाल्कनचं तसं नाही, उत्तर माहीत असूनही तो मजेत बघता येतो, कारण त्याची गंमत उत्तरात नाही, सँडर्स आणि बॉन्ड यांच्यात आहे. जेवणं आटोपल्यावर घरातल्या सगळ्यांनी मिळून तासभर काही बघायचं असेल, तर मात्र बिनधास्त फाल्कन लावा. मार्लोला एकट्याने, दिवे मालवून बसावं.

फाल्कन आवडला तर त्याच वर्षीचा ‘द फाल्कन्स ब्रदर’ लगेच बघून टाका. सँडर्सला या मालिकेचा कंटाळा आला होता. त्यात तो ही भूमिका आपल्या सख्ख्या भावाच्या, टॉम कॉनवेच्या हाती देतो, आणि पडद्यावरही ते दोघे भाऊच आहेत.