कुस्कोचा शनिवार आणि ६४ सोलचं तिकीट

आधी आकडा सांगते, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते तुम्हाला ठरवता येईल. ८७० डॉलर. तिघांचे मिळून बुडालेले. रुपयांत पाऊण लाखाच्या घरात. त्यातला एक पैसाही परत आलेला नाही आणि माचू पिक्चू, म्हणजे पेरूतलं इंका लोकांचं डोंगरावरचं जुनं शहर, आम्ही अजून फोटोतच बघतोय.

मी मूळची नाशिकची, कामानिमित्त दीड वर्ष पेरूच्या राजधानीत, लिमात. जुलैत दादा-वहिनी न्यूजर्सीहून आले. त्यांच्याकडे ग्रीन कार्ड असल्यामुळे पेरूच्या व्हिसाची कटकट नव्हती, आणि बहुतेक त्यामुळेच सगळं आयत्या वेळी ठरलं. दादाला सुट्टी मोजून पाच दिवस. शुक्रवारी सकाळी लिमाहून कुस्को, शनिवारी माचू पिक्चू, रविवारी संध्याकाळी परत. विमानाला सव्वा-दीड तास लागतो, त्यामुळे कागदावर हे मुंबई-गोव्याइतकं सोपं दिसतं.

कागदावर उंची दिसत नाही. लिमा समुद्रकाठी, कुस्को ३,४०० मीटरवर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे दोन कळसूबाई एकावर एक ठेवली तरी कुस्को वरच राहतं. आणि तिथे आपण चढून जात नाही, विमानातून थेट उतरतो. हे आत्ताच सांगते, कारण पुढे जे झालं त्यात विरळ हवेने ठणकणाऱ्या आमच्या डोक्यांचाही वाटा आहे.

माचू पिक्चूची तिकिटं पेरूच्या संस्कृती मंत्रालयाच्या साइटवर मिळतात. नावावर, पासपोर्ट नंबरवर, वेळ आणि मार्ग ठरवून. मार्ग तीन आहेत. सगळ्यांना हवा असतो तो दुसरा, कारण तो नेहमीचा फोटो आणि शहराचा मुख्य भाग दोन्ही त्याच वाटेवर येतात. जुलै म्हणजे तिथला कोरडा हंगाम, सगळी दुनिया तेव्हाच येते. मी मंगळवारी साइट उघडली तर शनिवारचं दुसऱ्या मार्गाचं एकही तिकीट शिल्लक नव्हतं. मी दादाला म्हटलं, आपण नुसतं कुस्को बघू. तो म्हणाला, "अगं, एवढं पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला येऊन माचू पिक्चू न बघता परत जायचं? लोक काय म्हणतील?"

लोक हल्ली बरंच काही म्हणतात. असो.

ऑफिसमधल्या एकीने कुठूनतरी पुढे आलेली एक जाहिरात मला पाठवली. कुस्कोची एजन्सी, 'फिन दे सेमाना' म्हणजे शनिवार-रविवारचं पॅकेज. व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं तर दोन मिनिटांत उत्तर. माणशी २९० डॉलर, त्यात दोन्ही बाजूंची रेल्वे, पायथ्यापासून वर नेणारी बस, गाइड आणि दुसऱ्या मार्गाचं तिकीट. साइटवर तर संपलंय, म्हटलं. उत्तर आलं, एजन्सीकडे वेगळा कोटा असतो. हे मला पटलं, कारण आपल्याकडे कोटा हा शब्द ऐकला की कुठल्याही गोष्टीवर विश्वास बसतो. तिकीट जर माणसाच्या नावावर आणि पासपोर्टवरच निघत असेल, तर आमची नावं कळण्याआधी ते कोणाच्या नावावर राखून ठेवलं होतं, हा प्रश्न मला पडायला हवा होता.

आम्ही अगदीच बावळटपणा केला असं नाही. तिथल्या प्रत्येक धंद्याला अकरा आकडी कर क्रमांक असतो, त्याला 'रूक' म्हणतात. कंपनीचा असेल तर २० ने सुरू होतो. मी तो मागितला. त्यांनी लगेच दिला, वर दुकानाच्या पाटीचा फोटोही पाठवला. मी कर खात्याच्या साइटवर टाकून पाहिला. क्रमांक चालू, कंपनी खरी, कुस्कोचा पत्ता खरा. दादा म्हणाला, "शाब्बास!" आम्ही खूष.

सगळं खरंच होतं, फक्त ते आमच्याशी बोलणाऱ्या माणसांचं नव्हतं. त्या पत्त्यावरच्या दुकानाचा फोन स्वतः शोधून एक फोन केला असता तर गोष्ट तिथेच संपली असती. मी तपासलं ते त्यांनी हातात दिलेलं. स्वतःहून काही शोधलं नाही.

आता ती गोष्ट, जी लिहितानाही मला लाज वाटते. निम्मे पैसे आगाऊ हवे होते, ४३५ डॉलर, म्हणजे तिथल्या चलनात साधारण १,६०० सोल. ते यापेवर पाठवायचे. यापे म्हणजे तिथलं आपलं यूपीआयच समजा. नंबर टाकला की पैसे जाण्याआधी खातेदाराचं नाव स्क्रीनवर येतं. तसं आलं. एजन्सीचं नव्हे, कुठल्याशा बाईचं. मी चार हप्त्यांत पैसे पाठवले, चारशे-चारशे सोल, म्हणजे ते नाव मी चार वेळा वाचलं. आणि हीच मी दर रविवारी बाबांना फोनवर बजावत असते, "बाबा, पैसे पाठवण्याआधी नाव वाचा हं." विचारल्यावर कळलं की ती त्यांची हिशेब बघणारी बाई. ठीक आहे, म्हटलं, छोटी कंपनी असेल.

शुक्रवारी कुस्कोला उतरलो. हॉटेलात शिरताच कोकाच्या पानांचा चहा देतात. चव उकळलेल्या गवतासारखी, पण डोकं थोडं हलकं होतं. वहिनीचं मात्र काही हलकं झालं नाही. ती दुपारभर खोलीत पडून होती. दादा आणि मी हळूहळू चौकापर्यंत गेलो. चाळीस पावलांवर थांबायचं, श्वास घ्यायचा, पुन्हा चाळीस. हातुन रुमियोक गल्लीत बारा कोनांचा तो दगड पाहिला. सभोवतालच्या दगडांत असा बसलाय की फटीत नख जात नाही, आणि चुना-बिना काही नाही. तिथून खाली 'कोरिकांचा' नावाची जागा. इंका लोकांचं सूर्यमंदिर, त्यावर स्पॅनिश लोकांनी चर्च आणि मठ बांधला. १९५० च्या भूकंपात वरचं बांधकाम बरंच ढासळलं, खालच्या इंका भिंती उभ्याच राहिल्या. दादा तिथे बराच वेळ हात मागे बांधून उभा होता. खरं सांगायचं तर तिथेच दोन दिवस काढायला हवे होते.

संध्याकाळी सातला हॉटेलच्या लॉबीत एक मुलगी आली. पंचविशीतली, गळ्यात ओळखपत्र, हातात फाइल. कुस्कोत ही पद्धतच आहे, आदल्या संध्याकाळी एजन्सीचा माणूस हॉटेलवर येऊन दुसऱ्या दिवसाची माहिती देतो. हॉटेलच्या काउंटरवरच्या मुलाने तिला हसून बसायला सांगितलं. आम्हाला वाटलं, तो तिला ओळखतो. नंतर त्याने सांगितलं, त्याला वाटलं आम्ही ओळखतो.

तिने नकाशा उघडला, पहाटे चारला गाडी, माचू पिक्चूची रेल्वे जिथून सुटते ते ओयांतायताम्बो स्टेशन, सातची रेल्वे, अकराची प्रवेशाची वेळ, सगळं पेनने खुणा करून समजावलं. वहिनीकडे बघून म्हणाली, रात्री जड खाऊ नका, पाणी प्या. मग उरलेले ४३५ डॉलर दादाने मोजून दिले. तिने एकेक नोट दिव्यासमोर धरली. पेरूत डॉलरची नोट जराशी फाटलेली असली तरी कोणी घेत नाही, हे मला माहीत होतं, दादाला नव्हतं. वीसच्या एका नोटेचा कोपरा केसभर फाटला होता. तिने ती अलगद बाजूला काढली, सॉरी म्हणाली आणि दुसरी मागितली. मला त्या क्षणी तिच्याबद्दल जो काही उरलासुरला संशय होता तोही गेला. फसवणारी व्यक्ती इतकी चोखंदळ कशाला असेल?

चारला गाडी आली. बरोबर चारला. आत दहा-बारा तरुण पोरं, पाठीवर मोठाल्या सॅक. सहाच्या सुमाराला ओयांतायताम्बोला चहा-नाश्त्यासाठी थांबलो. आम्ही सामान घेऊन स्टेशनकडे निघालो तर ड्रायव्हर मागे धावत आला. त्याच्या यादीत आमची तिघांची नावं होती आणि पुढे लिहिलं होतं, इद्रोएलेक्त्रिका.

हे नाव लक्षात ठेवा. माचू पिक्चूला जायचा हा स्वस्तातला मार्ग. ४,३०० मीटरची खिंड ओलांडून, वळणावळणांनी आणखी चार-पाच तास गाडीने जायचं, आणि मग रुळांच्या कडेने दहा-अकरा किलोमीटर चालायचं. तरुण, धडधाकट माणसाला मजेचा, पैसे वाचतात. वहिनीला तोपर्यंत दोनदा उलटी झाली होती. आमच्या जागांचे किती मिळाले, विचारलं तर ड्रायव्हर म्हणाला, माणशी ८० सोल, येऊन-जाऊन. बिचाऱ्याचा काही दोष नव्हता, त्याला कोणीतरी तीन सिटा विकल्या होत्या.

स्टेशनवर खिडकीतल्या बाईने आमच्या रेल्वे तिकिटांचा क्रमांक टाकला, मग तिघांचे पासपोर्ट नंबर टाकले आणि मान हलवली. असं आरक्षणच नाही.

तरी मी हट्टाला पेटले होते. त्या दिवशीच्या गाडीत जागा होत्या, महाग होत्या, पण होत्या. प्रवेशाची तिकिटं तर आहेत ना हातात, म्हटलं, चला. दादा कार्ड काढत होता. वहिनी पायरीवर बसली होती, डोळे मिटून, हातात ते प्रवेशाचं छापील तिकीट. ती अकाउंट्सची. तिने डोळे उघडले आणि विचारलं, "अगं, आपलं तिकीट कितीचं असतं?" मी म्हटलं, परदेशी माणसाला १५२ सोल. ती म्हणाली, "मग यावर ६४ का लिहिलंय?"

६४ हा पेरूच्या नागरिकांचा दर. कोण्या स्थानिक माणसाचं खरं तिकीट घेऊन त्यावर आमची नावं, पासपोर्ट नंबर आणि तारीख चिकटवली होती, किंमत बदलायची राहिली होती. मग नीट पाहिलं तर नावांचा टाइपही बाकीच्यापेक्षा जरा जाड होता. क्यूआर कोड दरवाजावर स्कॅन झाला असता तेव्हा दुसऱ्याच कोणाचं नाव आलं असतं. रेल्वेचे पैसे पुन्हा भरून आम्ही तिथपर्यंत पोचलो असतो आणि तिथून परत फिरलो असतो.

व्हॉट्सअ‍ॅप नंबर अर्थातच बंद. मला बरेच दिवस एकच कोडं होतं, पैसे घेऊन पळायचंच होतं तर २४० सोल खर्चून गाडी कशाला पाठवली? आता वाटतं, तीच त्यांची खरी हुशारी. चारला गाडी आली नसती तर आम्ही साडेचारला हॉटेलात बोंब मारली असती, उजाडताच पोलिसांत गेलो असतो. गाडीने आम्हाला शहराबाहेर नेलं, आणि आम्ही तिच्यात तसेच बसून राहिलो असतो तर थेट डोंगरावरच्या दारात कळलं असतं.

पर्याय एक होता. आग्वास कालिएन्तेस या पायथ्याच्या गावात रोज १,००० तिकिटं खिडकीवर विकतात, पासपोर्ट घेऊन स्वतः रांगेत उभं राहायचं. पण ती साधारणपणे दुसऱ्या दिवसाची मिळतात, आणि आमचं विमान दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. शिवाय वहिनी. जमणारं नव्हतं. हाताशी एक दिवस जास्त असता तर कोट्याच्या थापेची आम्हाला गरजच पडली नसती. आता कोणी विचारलं तर मी सांगते, कुस्कोला दोन दिवसांत माचू पिक्चू बसवू नका. बसवायचंच असेल तर महिनाभर आधी सरकारी साइटवरून स्वतः तिकीट काढा, रेल्वेचं रेल्वेच्या साइटवरून काढा, आणि विमानतळावरून थेट खाली खोऱ्यात मुक्कामाला जा. ओयांतायताम्बो कुस्कोपेक्षा सहाशे मीटर खाली आहे, वहिनीला तिथे दोन तासांत बरं वाटलं.

तेव्हा आम्ही तिथलाच किल्ला पाहिला. दारात खरं पर्यटन तिकीट मिळतं, तेच घेतलं. उतारावर शेतीच्या पायऱ्यांसारखे टप्पे आणि माथ्यावर सहा अजस्र गुलाबी शिळा. त्या नदीपलीकडच्या काचिकाता खाणीतून आणलेल्या. १५३७ मध्ये मांको इंका या इंका राजाने याच ठिकाणी स्पॅनिश फौजेला माघारी पिटाळलं. दादा वरून खाली बघत म्हणाला, इथे तरी कोणीतरी जिंकलंय.

दुपारी कुस्कोला परतून त्या रूक क्रमांकाच्या खऱ्या पत्त्यावर गेलो. दुकान होतं, पाटी होती, फोटोतलीच. मालक वयस्कर, आमचा कागद बघताच त्यांनी कपाळाला हात लावला. त्या महिन्यात त्यांच्या नावाने फसून आलेले आम्ही पहिले नव्हतो. तेच आमच्याबरोबर पर्यटन पोलिसांकडे आले. तिथल्या बाईंनी शांतपणे सगळं टंकून घेतलं, यापेच्या चारही पावत्या, बनावट तिकीट, ड्रायव्हरचा नंबर. तक्रारीची शिक्क्याची प्रत दिली. दादाच्या प्रवास विम्याने ती प्रत घेतली आणि कळवलं की स्वखुशीने दिलेली रक्कम विम्यात बसत नाही.

रविवारी सकाळी आवेनिदा एल सोल या रस्त्यावर पैसे बदलायला गेलो, विमानतळावर टॅक्सीला सोल हवे होते. दादाच्या पाकिटात ती वीसची नोट उरली होती. काउंटरमागच्या माणसाने ती दिव्यासमोर धरली, कोपऱ्यावर बोट फिरवलं आणि परत सरकवली. चालणार नाही म्हणाला.