एअर सस्पेन्शनची गाडी: आठ महिने आणि एक टेप

जुनी जर्मन एसयूव्ही घेतली त्याला आठ महिने झाले. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे जे झालं त्यात गाडीपेक्षा आमची घाईच जास्त नडली.

चारही चाकांवर लोखंडी स्प्रिंगऐवजी हवेचे फुगे. एरवी कुठल्याही गाडीत तासाभरात बोलायला लागणारी आईची कंबर ताम्हिणी उतरून माणगाव येईपर्यंत गप्प होती. पाच माणसं आणि डिकीभर सामान भरलं तरी मागची बाजू बसत नाही. या सुखासाठी पैसे मोजले, त्याबद्दल तक्रार नाही.

तिसऱ्या महिन्यात वॉचमनकाका म्हणाले, "साहेब, गाडी तिरकी उभी राहतीय." उजवा पुढचा कोपरा खाली. गॅरेजवाल्याने लांबूनच सांगितलं, फुगा गेलाय. मीही मान डोलावली. नवीन फुग्याला सत्तर हजारांच्या आसपास गेले आणि गाडी घरी आली ती तितकीच तिरकी.

त्या रात्री पहिल्यांदा टेप काढला. जमिनीपासून मोजू नका. टायरमधली हवा कमी-जास्त असते, टायर झिजलेले असतात. चाकाच्या मधोमधपासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत मोजायचं. जागाही सपाट हवी. आमच्या पार्किंगला पाणी जायला उतार आहे, म्हणून सकाळी अलाइनमेंटवाल्याच्या रॅम्पवर पुन्हा मोजलं. डावीकडे ४६५ मिलिमीटर, उजवीकडे ४३९. रात्री आणि सकाळी फरक तेवढाच.

इथेच खरं तर उत्तर होतं. फुगा गळत असता तर गाडी रात्रीतून खाली बसली असती आणि सुरू केल्यावर फुग्यांत हवा भरणारा कॉम्प्रेसर घरघरून ती वर आली असती. आमची बसतही नव्हती, चढतही नव्हती. २६ मिलिमीटर खाली, तिथेच मुक्काम. मग स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरशी बोलणारं यंत्र, लावून उंचीचे आकडे बघितले, तर उजवी पुढची बाजू अगदी जागेवर! गाडीच्या मते सगळं ठीक होतं.

या गाडीला स्वतःची उंची दिसत नाही, दिसतो तो सेन्सरच्या दांडीचा कोन. ही दांडी एका छोट्या लिंकने खालच्या आर्मला, म्हणजे चाकाबरोबर वर-खाली होणाऱ्या हाताला, जोडलेली असते. आर्म हलला की दांडी फिरते, आणि त्यावरून कंट्रोल युनिट ठरवतं की हवा भरायची की सोडायची. माझ्या लिंकचा गोळा गंजून जाम झाला होता आणि दांडी वाकली होती. गाडी आहे त्यापेक्षा उंच आहे असं ती सांगत होती, म्हणून कंट्रोल युनिट इमानेइतबारे हवा सोडत होतं. नवी लिंक आणि सेन्सर मिळून फुग्याच्या किमतीच्या जवळपासही गेले नाहीत.

त्यानंतर कॅलिब्रेशन लागतं, म्हणजे खरी उंची किती हे गाडीला शिकवायचं. टेपने मोजलेले चारही आकडे स्कॅनरमध्ये भरायचे. वाकलेली दांडी तशीच ठेवून नुसतं कॅलिब्रेशन करून देणारेही भेटले. त्याने एका उंचीला आकडा जुळतो, गाडी वर-खाली केली की पुन्हा चुकतो. अलाइनमेंट त्याच्यानंतरच करा, कारण उंची बदलली की चाकांचा कोनही बदलतो. माझ्या उजव्या टायरची आतली कड तोवर खाऊन झाली होती.

पावसाळ्यात मात्र खरी गळती आली. मागची डावी बाजू रात्री अकराला ४७०, सकाळी सहाला ४३१. कॉम्प्रेसर भरून भरून इतका तापायचा की स्वतःच बंद पडायचा. मी पुन्हा फुग्याची किंमत विचारायला निघालो होतो, पण आधी बादलीत शाम्पू कालवून ब्रश फिरवला. फुग्याच्या घडीवर काहीच नाही. वर जिथे बारीक पाइप पितळी फिटिंगमध्ये शिरतो, तिथे मोहरीएवढे बुडबुडे, एकामागून एक. पाइपचं टोक सेंटीमीटरभर कापलं, नवं फिटिंग बसवलं, काम झालं. हे करताना गाडीखाली नुसत्या फुग्यांच्या भरवशावर हात घालू नका. जॅक मोड चालू करा, म्हणजे गाडी आपणहून उंची बदलत नाही, आणि स्टँड लावा. हवा सुटली की गाडी क्षणात खाली येते.

घ्यावी का? उंचीचं कॅलिब्रेशन करू शकणारा स्कॅनर आणि तो वापरणारा माणूस तुमच्या गावात असेल तर जरूर. नसेल तर साधी स्प्रिंगची घ्या.

माझ्या कॉम्प्रेसरचा ड्रायर, म्हणजे हवेतली ओल शोषणारा डबा, अजून बदलायचा आहे. इतके दिवस जास्तीचा चालला, त्यातले दाणे ओल पिऊन बसले असणार. गेल्या रविवारी सकाळचे आकडे: पुढे ४६५ आणि ४६४, मागे ४७० आणि ४६९.