ग्लूटेन गेलं का, आणि गेलं तर कशातून?

सिलिॲक म्हणजे ग्लूटेनमुळे, गहू-जवासारख्या धान्यांतल्या प्रथिनामुळे, आतड्याला इजा होणारा आजार. त्याचं पथ्य काटेकोर पाळूनही पोट बिघडलं, की दोन प्रश्न एकदम उभे राहतात: ग्लूटेन खरंच पोटात गेलं का? आणि गेलं असेल तर कशातून? बहुतेक चाचण्या यांपैकी एकाच प्रश्नाचं उत्तर देतात. किट मागवण्याआधी आपला प्रश्न कोणता, ते ठरवा.

लघवीची किंवा मलाची तपासणी पहिल्या प्रश्नासाठी आहे. ग्लूटेनचे काही तुकडे नीट पचत नाहीत. शरीराबाहेर पडणारे हे तुकडे किट पकडतं. लघवीत ते काही तासांत दिसू लागतात आणि साधारण एक-दोन दिवसांत नाहीसे होतात. मलात उशिरा उतरतात, पण जास्त दिवस सापडतात. म्हणजे कालच्या जेवणाचा संशय असेल तर लघवी, ‘या आठवड्यात कधीतरी’ असं वाटत असेल तर मल. निकाल निगेटिव्ह आला म्हणून निर्धास्त होऊ नका. मात्रा थोडी असेल किंवा वेळ टळली असेल. पदार्थ कोणता, ते तर इथे कळतच नाही.

अन्न तपासणारी पट्टी नेमकी उलटी. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्न-मानकानुसार ‘ग्लूटेन-फ्री’ म्हणजे एका किलोत जास्तीत जास्त 20 मिलिग्रॅम, आणि घरगुती किट या पातळीच्या आसपास उत्तर देतात. पण पट्टी तपासते फक्त तिच्यावर आलेला नमुना. पाकिटात एका कोपऱ्यात गव्हाचा दाणा असेल, तर दुसऱ्या कोपऱ्यातला घास साफ निघतो. म्हणून पदार्थ दळून, ढवळून मगच नमुना घ्यावा. सोया सॉस, बीअर अशा आंबवलेल्या पदार्थांत ग्लूटेनचे तुकडे झालेले असतात, ते अनेक किटना दिसत नाहीत. ग्लूटेन अतोनात असलं तरी काही पट्ट्या फसतात आणि ‘नाही’ म्हणतात! मला ही पट्टी ताटापेक्षा स्वयंपाकघरात जास्त कामाची वाटते: टोस्टर, चाळणी, लाकडी चमचा पुसून पाहायला, अर्थात किट त्यासाठी चालत असेल तर.

रक्तातली टीटीजी-आयजीए चाचणी सिलिॲकमध्ये वाढणारी प्रतिपिंडं मोजते. एखाद्या दिवसाच्या चुकीसाठी ती निरुपयोगी, कारण हे आकडे महिनोन्‌महिने सावकाश हलतात. खाली आलेला आकडा पुन्हा चढू लागला, तर कुठून तरी रोजची गळती चालू असावी असा संशय घ्यावा. ज्यांच्या शरीरात आयजीए प्रकारची प्रतिपिंडंच कमी असतात, त्यांना या चाचणीवर भरवसा ठेवता येत नाही.

उरली नोंदवही. फुकटची, कंटाळवाणी, आणि तरीही स्रोतापर्यंत बहुतेकदा तीच नेते. पदार्थाबरोबर ब्रँड, बॅच नंबर, औषधं, कोणाच्या भांड्यात शिजलं, सगळं लिहा. माल्ट म्हणजे बहुधा जव; काही देशांत ॲलर्जीच्या सूचनेत गव्हाचा उल्लेख सक्तीचा असतो, जवाचा नाही. मात्र लॅक्टोजने, म्हणजे दुधातल्या साखरेनेही पोट असंच फुगतं, आणि काहींना ग्लूटेन जाऊनही काहीच जाणवत नाही. नुसत्या लक्षणांवरून कोणत्याही पदार्थाला दोषी ठरवू नये.

एकदाच त्रास झाला असेल तर उरलेलं अन्न वेष्टणासकट फ्रीझरमध्ये ठेवा, आधी लघवी तपासा, पॉझिटिव्ह आली तरच पट्टी खर्च करा. त्रास वारंवार होत असेल तर किटच्या मागे लागू नका. आहारतज्ज्ञाच्या सल्ल्याने काही आठवडे साधं, प्रक्रिया न केलेलं अन्न खा आणि मग एकेक पदार्थ परत आणा. ओट्स सगळ्यांत शेवटी, कारण त्यात गव्हाची भेसळ सहज होते आणि थोड्या जणांना शुद्ध ओट्सही सोसत नाहीत.