बिल तपासणाऱ्या टूलचं डॉक्युमेंटेशन: रीडमीत की विकीवर?

क्लाउड स्टोरेजचं बिल आणि आपली मोजणी जुळते का, हे बघणारं टूल लिहून झालं, चालायलाही लागलं. आता त्याची माहिती कुठे लिहायची? कोडशेजारी रीडमी फाइलमध्ये, की टीमच्या विकीवर, म्हणजे सगळ्यांना वाचता-बदलता येणाऱ्या पानांवर? मी दोन्ही करून बघितलंय. माझा कल रीडमीकडे आहे, पण सरसकट नाही.

असं टूल दोन प्रकारची माणसं उघडतात. एकाला ते फक्त चालवायचं असतं: परवानग्या कुठल्या लागतात, कॉन्फिग फाइल कुठे ठेवायची, महिना कसा द्यायचा. त्याचं काम रीडमीच्या अर्ध्या पानात भागतं. दुसऱ्यासमोर फरकाचा आकडा आलेला असतो आणि त्याला कारण हवं असतं. डॉक्युमेंटेशनची खरी परीक्षा तिथे होते.

समजा, ॲमेझॉन एस-थ्री या क्लाउड स्टोरेजच्या स्टँडर्ड-आयए वर्गात (क्वचित लागणाऱ्या फाइल्ससाठीच्या) प्रत्येकी १० केबीच्या एक लाख फाइल्स आहेत. टूलने बेरीज केली, साधारण ०.९५ जीबी. बिलात मात्र १२.२ जीबी, कारण या वर्गात १२८ केबीपेक्षा लहान फाइलही १२८ केबीचीच धरतात. चूक कुणाचीच नाही, तरी आकडा जवळपास तेरापट. हा नियम कुठेच लिहिलेला नसेल तर टूल बिघडलंय असंच वाचणारा म्हणणार, आणि त्याच्या जागी मीही तेच म्हटलं असतं.

रीडमीचा सगळ्यात मोठा फायदा म्हणजे ती कोडच्या आवृत्तीला बांधलेली असते. बिलाच्या कामात हे फार महत्त्वाचं, कारण मार्चचा वाद ऑगस्टमध्ये उकरला जातो. आमचं टूल सुरुवातीला १,००० च्या पटीत जीबी मोजायचं (१ जीबी म्हणजे १,००० एमबी), एस-थ्रीचं बिल १,०२४ च्या पटीत येतं. पुढे आम्ही टूल सुधारलं, विकीचं पानही सुधारलं. काही महिन्यांनी कुणीतरी जुना अहवाल काढला. त्यात १,००० जीबी, बिलात ९३१. पानावर ठळक अक्षरात ‘मोजणी १,०२४ च्या पटीत’. बिल कमी आल्याची तक्रार कोण करणार, पण ६९ जीबी गेले कुठे हे शोधण्यात अर्धा दिवस गेला. त्या आवृत्तीच्या टॅगवरची (कोडमध्ये आवृत्तीला लावलेल्या खुणेवरची) रीडमी उघडली असती तर उत्तर दुसऱ्याच ओळीत होतं.

शिवाय नियम बदलणारा कोड आणि त्याचं स्पष्टीकरण एकाच रिव्ह्यूत, म्हणजे सहकाऱ्याच्या तपासणीत, येतात. ‘रीडमी बदलली का?’ एवढं विचारायला कुणीतरी असतं. विकीवर हे विचारणारं कुणी नसतं.

मग विकी हवीच कशाला? कारण हिशेब बघणाऱ्यांना बहुतेक ठिकाणी रिपॉझिटरी (कोड ठेवायची जागा) उघडतच नाही, आणि उघडली तरी तिथे शोधायची सवय नसते. विकीवर ते नुसते वाचत नाहीत, भरही घालतात. आमच्या पानावरची सगळ्यात कामाची सूचना हिशेब सांभाळणाऱ्या मॅडमनी लिहिली आहे: ‘महिना संपल्या संपल्या टूल चालवू नका, बिल अजून पक्कं झालेलं नसतं.’ आम्हा कोड लिहिणाऱ्यांना ही ओळ कधीच सुचली नसती. आम्हाला ते उघडच वाटत होतं.

पण विकीवर नियमांचे आकडे टाइप करू नका. लवकर डिलीट केलं तरी किमान मुदतीचे पैसे लागतात, आणि ती मुदत ॲमेझॉनच्या वर्गांपैकी स्टँडर्ड-आयएला ३० दिवस, ग्लेशियर फ्लेक्सिबल रिट्रीव्हलला ९०, डीप आर्काइव्हला १८०. गुगलच्या नियरलाइनला ३०, कोल्डलाइनला ९०, आर्काइव्हला ३६५. हे कोडच्या नियम-फाइलमध्ये असतंच. तिथूनच वाचायला लावा, विकीवर फक्त दुवा द्या. एकच आकडा तीन ठिकाणी असला की त्यातला एक जुना होतोच.

दोन्हींपेक्षा स्वस्त उपाय म्हणजे टूललाच बोलतं करणं. अहवालात फरकाशेजारी ‘किमान आकार’, ‘जुनी आवृत्ती’, ‘अर्धवट अपलोड’ अशी कारणाची खूण छापा आणि तेच शब्द डॉक्युमेंटेशनमध्ये मथळे म्हणून वापरा. शेवटची दोन कारणं तर साध्या फाइल-यादीत दिसतच नाहीत, बिलात मात्र हजर असतात. माणूस खूण कॉपी करून शोधतो आणि थेट कारणापाशी पोचतो. हे केल्यावर आमच्याकडचे प्रश्न निम्म्याने तरी कमी झाले असावेत, मोजले नाहीत.

तेव्हा अहवाल फक्त इंजिनिअर वाचत असतील तर रीडमी पुरे, विकीच्या वाटेला जाऊ नका. हिशेब विभागही वाचत असेल तर विकीवर एकच पान ठेवा: कुठला फरक दिसतो, कशामुळे, कुणाला विचारायचं. पान सांभाळणाऱ्याचं नाव वर लिहा. तेवढ्यालाही कुणी तयार नसेल तर पान नकोच, त्यापेक्षा रीडमीची पीडीएफ अहवालासोबत पाठवा.

आणि टूल काय तपासत नाही, ती ओळ दोन्हीकडे हवी. आमचं टूल फक्त साठवणूक मोजतं. रिक्वेस्टचे पैसे आणि बाहेर गेलेल्या डेटाचे पैसे त्यात येत नाहीत. ही ओळ आम्ही सर्वात शेवटी लिहिली आणि ती सर्वात वर न्यावी लागली.