टोमॅटोसाठी ग्रोबॅग घ्यावी की रंगाचा डबा?

मातीच्या कुंडीचं नाव मी यात घेत नाही. दिसायला ती छानच, पण फेब्रुवारीपासून तिच्या अंगातूनच पाणी उडून जातं आणि दुपारपर्यंत रोप मान टाकतं. गच्चीवर खरी निवड उरते ती 12 बाय 12 इंची एचडीपीई ग्रोबॅग (झाडं लावायची जाड प्लॅस्टिकची पिशवी) आणि इमल्शन रंगाचा 20 लिटरचा रिकामा डबा यांत. भरण दोन्हींना एकच: दोन भाग माती, एक भाग भिजवलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग गांडूळखत, वर दोन मुठी निंबोळी पेंड.

बॅगेच्या बाजूने बोलायचं तर पाणी तुंबत नाही, त्यामुळे पावसाळी लागवडीला ती बरी. शिवाय काठ खाली दुमडून अर्धीच भरता येते. रोप वाढेल तशी भर घालायची. गाडलेल्या खोडालाही मुळं फुटतात. डबा अर्धा भरला तर काठाच्या सावलीत रोप उंच, लुकडं होतं. म्हणून डबा पहिल्यापासून काठाखाली तीन बोटांपर्यंत भरावा आणि रोपच खोल, पहिल्या पानांपर्यंत गाडावं.

माझं मत फिरलं ते काठीमुळे. उंच वाढणाऱ्या जातीला पाच फुटी आधार लागतोच. बॅगेत तो उभा राहत नाही: कोकोपीटमुळे भरण भुसभुशीत, बाजू मऊ. फळं धरली की काठी वजनाच्या बाजूला कलते, वाऱ्यावर सगळं झाड हलतं आणि बारीक मुळं तुटतात. मग माती ओली असूनही पानं लोंबतात. आपल्याला वाटतं पाणी कमी पडलं. आणखी ओततो, आणि उरलेली मुळं कुजतात. डब्याला काठाखाली तीन भोकं पाडायची, तीन बांबू तारेने आवळायचे, वर शेंडे एकत्र बांधायचे. हलत नाही. खोड मात्र सुतळीने सैलच बांधावं, इंग्रजी आठच्या आकड्यासारखा वेढा देऊन.

डब्याला पाणी जायची भोकं आपणच पाडायची. ती बुडाला नकोत, फरशीला टेकून बंद होतात. बाजूला, बुडापासून अर्ध्या इंचावर, 8 ते 10 मिलीमीटरची सहा पुरतात. पश्चिमेचं ऊन येत असेल तर भोवती गोणपाट गुंडाळावं. पाणीही बेताने, पण रोज. एक दिवस कोरडं आणि दुसऱ्या दिवशी चिंब असं झालं की फळाला कॅल्शियम पोहोचत नाही, बुडाला काळा, दबलेला डाग पडतो. तो रोग नव्हे, बुरशीनाशकाने जात नाही.

जिना चढून भरण वर न्यायचं असेल, किंवा बुटकी जात लावणार असाल, तर बॅग घ्यायला हरकत नाही. अडीच फुटी काठी तिच्यात तग धरते. बाकीच्यांनी रंगाऱ्याला विचारावं. ऑइल पेंटचा डबा मात्र नको. इमल्शनचा थर पूर्ण वाळू द्या, मग तो सालीसारखा सोलून निघतो.